जुळ्यांच्या दोन वह्या

बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत हजेरी घेतली. त्यामुळे जुळी नातवंडं घरी आली त्या आठवड्यात माझा हात आपसूक पट्टीकडे गेला. शंभर पानी वही, मधोमध लाल रेघ, डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटा. (थोरली चार मिनिटांनी थोरली आहे, पण मान मानाच्या जागी.) दूध किती वाजता, शू-शी किती वेळा, झोप किती. पहिले दोन महिने ती वही फार कामाला आली. रात्री तीनला कुणाला पाजलं आणि कुणाचं राहिलं, हे घरातल्या चार पेंगुळलेल्या माणसांपैकी एकालाही सांगता यायचं नाही.

घोळ पुढे झाला. त्याच पानावर मी ‘हसली’, ‘मान धरली’, ‘पालथी पडली’ असंही लिहायला लागले. डाव्या रकान्यात नोंद पडली की उजवीकडची कोरी जागा डोळ्यांत खुपायची. लेक ठाण्यात मानपाड्याला राहते, मी नौपाड्यात. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की मी पिशवीतून वही काढून त्या कोऱ्या जागेकडे बघत बसायची. ती रेघ मारायलाच नको होती, हे कळायला मला जवळजवळ सहा महिने लागले. आणि तिच्यामुळे खरी काळजी भलत्याच बाजूला राहून गेली, हे कळायला आणखी सव्वा वर्ष.

पुढे लिहिलंय ते त्या चुकीतून, आमच्या बालरोगतज्ज्ञांनी वेळोवेळी समजावलेल्या गोष्टींतून आणि दोन वर्षं सतरंजीवर बसून पाहिलेल्यातून आलेलं आहे. घरी जुळी असतील तर या क्रमाने करून बघा. तपासायचं काम डॉक्टरांचंच, पण त्यांच्यापुढे जाताना हातात काय असावं ते आपल्याला ठरवता येतं.

आधी वय ठरवा

जुळी बाळं बहुधा लवकर येतात. सदतीस आठवडे भरायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. आमची चौतीस आठवडे भरले त्या दिवशी झाली, २०२३च्या १० ऑक्टोबरला. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती २१ नोव्हेंबर. म्हणजे सहा आठवड्यांचा फरक.

बाळाने मान कधी धरावी, कधी बसावं, हे मोजताना २१ नोव्हेंबर हाच जन्मदिवस धरायचा. याला डॉक्टर ‘करेक्टेड एज’ म्हणतात. आमच्या घरी ‘खरं वय’ आणि ‘कागदावरचं वय’ असे शब्द रूढ झाले. मेंदूची आणि स्नायूंची वाढ गर्भ राहिल्यापासून चालू असते. बाळ लवकर बाहेर आलं म्हणून ती काही पळत सुटत नाही. १० एप्रिलला आमची दोघं कागदावर सहा महिन्यांची होती, पण खऱ्या वयाने पाच महिनेही भरले नव्हते. सहा महिन्यांच्या बाळाच्या अपेक्षा त्यांच्यावर लादल्या असत्या तर दोघंही नापास.

डिस्चार्ज कार्डावरून अपेक्षित प्रसूतीची तारीख काढा, जन्मतारखेच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहा आणि कागद फ्रिजवर चिकटवा. दोन वर्षांचं होईपर्यंत हा हिशेब चालतो. लसी मात्र कागदावरच्या वयाने, म्हणजे जन्मतारखेपासून मोजून द्यायच्या. तिथे सहा आठवडे थांबायचं नसतं. यात आमचे जावई एकदा घोटाळणार होते. वरचं खाणं कधी सुरू करायचं, हे अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आमच्याकडे मुहूर्त काढून झाला होता, तो पुढे ढकलावा लागला आणि उष्टावणाची चांदीची वाटी तीन आठवडे कपाटात राहिली.

याच टप्प्यावरची एक गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची, म्हणून इथेच सांगते. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर दृष्टी कायमची जाऊ शकते. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. आमचा धाकटा १ किलो ७०० ग्रॅमचा, थोरली २ किलो १०० ग्रॅमची. डॉक्टरांनी दोघांचीही तपासणी करायला लावली. कानांचीही जन्मल्यावर लगेच तपासणी होते. तिचा कागद जपून ठेवा, पण कार्डावर ‘पास’ लिहिलंय म्हणून आयुष्यभर निर्धास्त राहू नका. त्याबद्दल पुढे येतेच आहे.

दोन वह्या, आणि त्या एकत्र उघडायच्या नाहीत

लाल रेघेची वही बंद करायला लावली ती डॉक्टरांनी. मी ती त्यांच्यासमोर उघडली तर म्हणाल्या, “आजी, हे प्रगतिपुस्तक आहे की शर्यतीचा निकाल?” मला राग आला होता. घरी येऊन दोन नव्या वह्या आणल्या, थोरलीची निळी आणि धाकट्याची हिरवी.

नियम साधे ठेवले. एका वहीत एकच मूल. दुसऱ्याचं नावही त्यात येऊ द्यायचं नाही. ‘भावाच्या आधी’, ‘बहिणीसारखंच’ हे शब्द बाद. दर महिन्याच्या २१ तारखेला नोंद करायची, कारण खऱ्या वयाचा महिना त्या दिवशी भरतो. एका दिवशी एकाचीच, दुसऱ्याची दुसऱ्या दिवशी. एका बैठकीत दोघांची लिहिली की तुलना आलीच, ती थांबवणं माणसाच्या हातात नाही. महिन्याच्या मध्ये काही वेगळं दिसलं तर तेही तारखेसकट टिपायचं.

आणि लिहायचं काय, तर बरोबरची खूण करायची नाही; जे दिसलं ते वाक्यात लिहायचं. ‘मान धरतो ✓’ यातून काहीच कळत नाही. हिरव्या वहीतली एक नोंद अशी आहे: “२ मार्च. उपडा ठेवला. दोन्ही कोपरांवर आला. डावीकडे मान वळवली, उजवीकडे आपणहून नाही. उजवीकडून खुळखुळा वाजवला तेव्हा वळला. मिनिटभराने कुरकुर.” महिन्याने याच्यापुढे “दोन्हीकडे आपणहून” असं लिहिता आलं. हा खरा निकाल. बाळाची तुलना करायचीच तर ती त्याच वहीतल्या मागच्या पानाशी करा. शिवाय डॉक्टरांना अशा एका वाक्यातून जे कळतं ते दहा खुणांतून कळत नाही. मान सतत एकाच बाजूला असते का, एकच हात वापरतं का, हे असल्या तपशिलातच सापडतं.

जोडीला दर महिन्याला त्याच सतरंजीवर, त्याच खिडकीजवळ, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. बाळाला शिकवून, टाळ्या वाजवायला लावून काढलेला व्हिडिओ नातेवाइकांना पाठवायला ठीक. आपल्याला हवा तो फोन बाजूला टेकवून, बाळाला आपल्याच नादात राहू देऊन काढलेला.

तुलनेने फसायला होतं ते दोन्ही अंगांनी. एक मूल चलाख निघालं की दुसरं, अगदी वेळेवर असूनही, मागे वाटायला लागतं. याच्या उलट दोघं सारखीच मागे असली तर कुणाच्याच लक्षात येत नाही. “जुळी आहेत, चालायचंच” म्हणून घर शांत. भावंडाची फूटपट्टी दोन्हीकडे खोटं माप देते.

मग फूटपट्टी कुठली?

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली सहा हालचालींच्या मुदती प्रसिद्ध केल्या. त्यात आपल्या दक्षिण दिल्लीतली मुलंही होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५. एकट्याने उभं राहणं ६.९ ते १६.९. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. आकडे पुन्हा वाचा: एक निरोगी मूल आठ महिने भरल्यावर चालतं, दुसरं तितकंच निरोगी मूल सतरा भरल्यावर. जुळ्यांतलं एक या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला असू शकतं. आमच्यासारखी दोन वेगळ्या बीजांपासून झालेली जुळी असतील तर ती एरवीच्या भावंडांइतकीच एकमेकांसारखी. फक्त वाढदिवस एक. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना हे आकडे खऱ्या वयाने लावायचे, एवढं लक्षात ठेवा.

आमच्या डॉक्टर तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने बनवलेला तक्ता वापरतात. दोन वर्षांपर्यंतच्या सतरा गोष्टी, प्रत्येकीसमोर ती येण्याच्या वयाचा आडवा पट्टा. बाळाच्या वयावर स्टीलची पट्टी उभी धरायची. जिचा पट्टा पट्टीच्या पूर्ण डावीकडे राहिला आणि तरी जी गोष्ट बाळाला येत नसेल, तिच्याकडे लक्ष द्यायचं. पाच-सात मिनिटांत काम होतं. सरकारी माता-बाल संरक्षण कार्डातही वयाप्रमाणे चित्रं असतात; लसीच्या नोंदींपलीकडे ते कार्ड कुणी उघडत नाही, तुम्ही उघडा.

घरात पाहताना मी चार गोष्टी वेगळ्या पाहते: मोठ्या हालचाली, हातांचं काम, बोलणं-ऐकणं आणि माणसांशी वागणं. बहुतेक घरांत फक्त पहिली पाहिली जाते, कारण ती दिसते. मूल चाललं की फोन फिरतात. चिमटीत दाणा धरला म्हणून कुणी फोन करत नाही.

वय खरं धरून साधारण असं असतं. दोन महिन्यांच्या आसपास बाळ आपल्याकडे बघून ओळखीचं हसतं. झोपेतलं हसू यात धरू नका. चौथ्या महिन्यापर्यंत मान स्थिर, मुठी बऱ्यापैकी उघड्या. चार ते सहा महिन्यांत कूस बदलून पालथं पडणं. सहाव्याच्या आसपास या हातातली वस्तू त्या हातात. आठ-नऊला आधाराशिवाय बसणं, ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे आवाज, अनोळखी माणसाला पाहून तोंड लपवणं. नऊ ते बारा महिन्यांत अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीने बारीक वस्तू उचलणं, टाटा करणं, नावाने हाक मारल्यावर वळणं. वर्षाच्या सुमाराला एखाद-दुसरा अर्थाचा शब्द, हवं ते बोटाने दाखवणं. दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडी: ‘बाबा भूर’, ‘दुदू नको’.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीला बोरन्हाण केलं तेव्हाचं सांगते. खरं वय चौदा महिन्यांना थोडं कमी. बोरं, शेंगदाणे, चणे, गोळ्या सगळं बाद केलं होतं, घशात अडकतं म्हणून; डोक्यावरून कुरमुरे आणि शेवंतीच्या पाकळ्या ओतल्या. थोरली पंधरा दिवसांपूर्वी चालायला लागली होती, ती खोलीभर दुडूदुडू पळत होती आणि सगळे मोबाइल तिच्यामागे. धाकटा पाटावरून हलला नाही. त्याच्या मांडीवर एक पाकळी पडली होती. ती कपड्याला चिकटून सपाट झालेली. त्याने पहिल्यांदा पंजाने ओढली, निसटली. मग बोट तिच्या कडेखाली सरकवलं, कड उचलली आणि चिमटीत धरून उजेडात वर केली. नंतर ती मला दिली, आणि हात पुढे करून परत मागितली. त्यात बोटांचं काम आलं, नजर आली, देवाणघेवाण आली. “हा बसूनच आहे का अजून?” असं कुणीतरी विचारलं तेव्हा मी पाकळी दाखवली. त्यांना काही कळलं नाही.

धाकटा रांगलाच नाही. बसल्या बसल्या एक पाय दुमडून ढुंगणावर सरकायचा, आणि मोठ्या वेगाने. वरच्या अभ्यासातही शंभरातली चार-पाच मुलं हात-गुडघ्यांवर न रांगता थेट पुढच्या पायरीला गेली होती. अशी बसून सरकणारी मुलं चालायला बरेचदा उशीर करतात. आमचा गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चालला, सोळा महिने उलटल्यावर. तोवर डॉक्टरांनी त्याचे पाय, कंबर, स्नायूंचा ताण दोनदा तपासला होता. “थांबून पाहू” आणि “दुर्लक्ष करू” यांत हाच फरक: थांबायचं ते तपासून झाल्यावर.

सतरंजी

झोपवायचं पाठीवर. जागं असताना, कुणीतरी समोर असताना, उपडं. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं दिवसातून चार-पाच वेळा पुरतात. रडायला लागलं की उचला, छातीवर उपडं घेतलं तरी चालतं. जुळ्यांच्या घरात अडचण अशी की हात कमी पडतात, म्हणून बाळं झोळीत, बाबागाडीत, झुलणाऱ्या खुर्चीत जास्त राहतात. आम्हीही ठेवायचो, उगाच खोटं कशाला बोलू. उपाय एवढाच की आंघोळीनंतरचा अर्धा तास आणि संध्याकाळचा अर्धा तास सतरंजीचा. डबल बेडवर नको. गादी मऊ, बाळ रुततं आणि पडण्याची भीती वेगळी.

चाकांचा वॉकर भेट आला तर परत करा. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून गडगडण्याचे अपघात होतात. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा: मूल आधीच उभं राहतं, मागून ढकलतं, आत बसत नाही.

शेजारी-शेजारी दोन बैठकींची बाबागाडी घेण्याआधी आपल्या लिफ्टचं दार टेपने मोजा. आमची अडकली. आता एकामागे एक बैठकीची आहे, ती उपवन तलावाच्या कडेनेही चालते.

एकेकटं पाहणं

हा भाग मी सगळ्यात सावकाश लिहिणार आहे.

धाकटा उशिरा चालणार असं दिसल्यापासून घराची नजर त्याच्यावर. थोरली सगळ्यात पुढे, तिची काळजी कुणाला? मागच्या पावसाळ्यात दोघांना एकामागून एक सर्दी झाली. जुलैच्या २१ला निळ्या वहीत लिहिताना लक्षात आलं की तिचे शब्द पाचावर अडकलेत: आई, बाबा, दुदू, नाई, भू. एप्रिलमध्येही तेच पाच होते. वीस महिने भरले होते. पण हाक मारली की ती वळायची, ‘चप्पल आण’ म्हटलं की आणायची. म्हणून मी नोंद केली आणि पान उलटलं.

चार दिवसांनी जावई धाकट्याला घेऊन तलावपाळीला गेले. थोरली आणि मी दोघीच घरात. ती हॉलमध्ये माझ्याकडे पाठ करून वाट्या एकात एक घालत होती. मी स्वयंपाकघराच्या दारातून नेहमीच्या आवाजात हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. वाट्या चालूच. मला वाटलं, खेळात रमलीय. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती दचकून वळली.

तेव्हा उलगडलं. एरवी मी हाक मारली की वळायचा धाकटा, आणि त्याला वळलेलं पाहून ती वळायची. चप्पल आणायला तो उठला की ती त्याच्या पुढे धावायची. मोठा आवाज तिला ऐकू येत होता. साधं बोलणं पुरतं पोचत नव्हतं. भाऊ तिचा कान झाला होता.

दोन दिवस आणखी तीनदा तसंच करून पाहिलं, भाऊ दुसऱ्या खोलीत, दार बंद, मी मागून. एकदा वळली, दोनदा नाही. सगळं तारीख-वेळ घालून लिहिलं. डॉक्टरांनी कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं, वारंवार सर्दीमुळे. लहान मुलांत हे पुष्कळ होतं आणि बरेचदा आपोआप ओसरतं, म्हणून तीन महिने थांबून परत तपासायचं ठरलं. तोवर तिच्याशी समोर बसून, तोंड दिसेल असं, जवळून बोलायचं; टीव्ही बंद. एका नात्यातल्या बाईंनी लसणाचं तेल कानात घालायला सांगितलं. ते मी ऐकून घेतलं आणि केलं नाही. बाळाच्या कानात काहीही ओतायचं नसतं. ऑक्टोबरच्या तपासणीत कान मोकळे निघाले. दिवाळीत शब्दांची रांग लागली.

म्हणून सांगते, महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला भावंडाशिवाय पाहा. दुसऱ्याला कुणीतरी बाहेर न्यावं, नुसतं पलीकडच्या खोलीत नव्हे. मग या गोष्टी करा: पाठीमागून, नजरेत न येता, साध्या आवाजात नावाने हाक. हातवारे न करता एक साधी सूचना. खेळणं त्याच्यासमोर फडक्याखाली लपवून शोधतं का. हवं ते मागताना आपल्याकडे बघतं का. दहा मिनिटं पुरतात. जुळी एकमेकांची कामं नकळत करतात. एक मागतो, दुसऱ्याला आयतं मिळतं. एक हात पुढे करतो, दुसऱ्याचा हात कसा चालतो ते दिसतच नाही.

बोलणं

जुळ्यांना शब्द थोडे उशिरा येतात हे खरं, कारण मोठ्यांचं एकट्याशी बोलणं त्यांच्या वाट्याला निम्मं येतं. “चला बाळांनो, जेवायला” हे वाक्य दोघांचं असतं, म्हणजे कुणाचंच नसतं. नाव घेऊन, डोळ्यांत बघून, एकेकाशी बोला. आमच्याकडे तेल लावताना आणि कपडे घालताना एका वेळी एकच मूल आणि त्याच्याशीच गप्पा, असं ठरलंय. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

दोघांची आपसातली भाषा तयार होते. आमच्याकडे पंखा म्हणजे ‘फफा’, आणि दोघंही एकमेकांचं ऐकून तेच पक्कं करत होती. ऐकायला गोड वाटतं म्हणून घरातली मोठी माणसंही ‘फफा लावू का’ म्हणायला लागतात, ते टाळा. चूक काढायची नाही. फक्त “हो, पंखा फिरतोय” असं बरोबर करून परत द्यायचं. जावयांच्या घरी गुजराती बोलतात. दोन भाषांमुळे मूल बोलायला उशीर करतं हा गैरसमज आहे. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. आणि दोन वर्षांपर्यंत मोबाइल-टीव्ही नको, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो.

वाट न पाहता जायचं कधी

‘आपापल्या गतीने होईल’ हे वाक्य चांगलं आहे, पण त्याला कुंपण हवं. खरं वय धरून, तीन महिन्यांपर्यंत ओळखीचं हसू नाही किंवा नजर माणसाच्या मागे फिरत नाही; पाच महिन्यांनाही मान डगमगते; दहा महिन्यांपर्यंत बसत नाही किंवा ‘बाबाबा’सारखा आवाजच नाही; वर्षाला टाटा नाही, बोट दाखवणं नाही; सोळा महिन्यांना एकही शब्द नाही; अठरा महिन्यांना चालत नाही; दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही. यातलं एक जरी असलं तरी पुढच्या लसीची वाट पाहू नका. पहिल्या वर्षात सतत एकच हात वापरणं, अंग फार कडक किंवा फार लुळं वाटणं, हेही त्यातच. आणि येत असलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलत होतं ते थांबलं, बघत होतं ते बघेनासं झालं, तर वय कुठलंही असो, त्याच आठवड्यात जा.

जाताना शक्य असेल तर दोघांच्या वेगळ्या वेळा घ्या. एका वेळेत दोन मुलं तपासून घेतली की जे रडतं त्याच्याकडेच सगळं लक्ष जातं. ज्याची तक्रार आहे त्याची वही, दोन-तीन व्हिडिओ आणि डिस्चार्ज कार्ड, एवढं पुरे.

खर्चाची धास्ती असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला झाला, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येतात, आणि विकासात उशीर दिसला तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. जवळच्या अंगणवाडी सेविकेला विचारा, पुढच्या भेटीची तारीख त्यांना माहीत असते. ऐकण्या-बोलण्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे.

लिफ्टमधले लोक

“ही चालते, हा नाही का चालत?” हे मला आठव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत किती वेळा विचारलं गेलं असेल! सुरुवातीला खुलासे द्यायची. नंतर “त्याची तारीख वेगळी आहे हो” एवढंच म्हणायला लागले. ऐकणारा गोंधळतो आणि तोवर तळमजला येतो. घरातल्यांचा बंदोबस्त मात्र करायलाच हवा. ‘ही हुशार, हा आळशी’ असं आमच्याकडे एकदा म्हटलं गेलं, म्हणणारी मीच होते. लेकीने तिथल्या तिथे सुनावलं, “आई, शाळेत तू पहिला नंबर काढणं बंद केलं होतंस ना?” केलं होतं खरं.

दोन वर्षांनंतर

गेल्या २१ नोव्हेंबरला दोघं खऱ्या वयानेही दोन वर्षांची झाली. फ्रिजवरचा कागद काढला; आता वय एकच. वह्या चालू आहेत, पण नोंद तीन महिन्यांतून एकदा. निळ्या वहीत सर्दी झाली की तारीख वेगळ्या शाईने लिहिते आणि सर्दी गेल्यावर आठवड्याभराने मागून हाक मारून बघते. हिरव्या वहीत सध्या जिन्याची पायरी हात धरून चढणं आलंय, उतरणं अजून बसूनच. प्लेग्रुपला एका वर्गात घालायचं की वेगळ्या, यावर घरात दोन तट पडलेत. मी एकदा इथे आणि एकदा तिथे असते. पुढची नोंद फेब्रुवारीत.